कोऑर्डिनेटर

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागलं की पहिल्या महिन्यात पोरं ओळखू येतात. पुढच्या बाकावरची मार्कांसाठी आलेली असतात, मागच्या बाकावरची अटेंडन्ससाठी. कोऑर्डिनेटर बाकावर सापडतच नाही. तो दारात असतो. गळ्यात लेस, लेसला कुठल्या तरी इव्हेंटचं कार्ड आणि चेहऱ्यावर राज्यमंत्र्याची घाई. "सर, दोन मिनिटं अनाउन्समेंट होती." ती दोन मिनिटं संपेपर्यंत माझा तास संपतो आणि त्याचं 'पब्लिक स्पीकिंग' होऊन जातं.

"भावा, सीजीपीए काय सगळ्यांकडेच असतो, प्रोफाइल पाहिजे," असं एखाद्या सीनियरने त्याला फर्स्ट इयरलाच कँटीनमध्ये सांगितलेलं असतं. तेव्हापासून जगातल्या यच्चयावत गोष्टी त्याच्या लेखी दोनच प्रकारच्या. रेझ्युमेत ज्यांची लाइन होते त्या, आणि होत नाही त्या. रक्तदानाची होते. तापाने फणफणलेल्या रूममेटला रात्री दोन वाजता रिक्षात घालून ससून हॉस्पिटलला नेलं, त्याची होत नाही. नेतो बिचारा, नेत नाही असं नाही. पण वाटेत जरा हळहळतो.

आमच्या पुण्यात ऑगस्टच्या सुमाराला पोरांचा एक कळप पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींत गायब होतो. ती पोरं उपाशीतापाशी सेट रंगवतात, भरत नाट्य मंदिरात घसा फुटेस्तोवर ओरडतात, सबमिशनच्या वेळी डिफॉल्टर लिस्टमध्ये सापडतात आणि रेझ्युमे करताना यातलं अवाक्षर लिहीत नाहीत. कोऑर्डिनेटर त्या नाटकात नसतो. तो पोस्टरवर असतो, खाली, 'प्रसिद्धी' या शब्दापुढे.

त्याची खरी प्रतिभा दिसते ती लाइन लिहिताना. टेक फेस्टमध्ये त्याने सेमिनार हॉलमधल्या खुर्च्या मोजून डेकोरेटरच्या पोराला परत दिल्या होत्या. रेझ्युमेत त्याचं 'मॅनेज्ड एंड-टू-एंड लॉजिस्टिक्स फॉर अ नॅशनल लेव्हल सिम्पोझियम' झालं. नॅशनल कशावरून, तर बेळगावहून दोन मुलं आली होती. सीमाप्रश्नाचा इतका बिनखर्ची फायदा आजवर एकाही पक्षाला करून घेता आलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे, म्हणून 'कम्युनिटी लीड'. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ही योजना निघाली आणि 'नॉट मी, बट यू' हे तिचं ब्रीद. शिबिरातून परतल्या परतल्या याने लिहिलं, 'लेड अ रूरल वॉटर कन्झर्व्हेशन इनिशिएटिव्ह'.

ऑनलाइन कोर्स तर तो रेशनसारखे उचलतो. व्हिडिओ दुप्पट वेगाने लावून शेजारी क्रिकेट बघायचं, पुढे हजार रुपये भरून परीक्षा द्यायची, की एनपीटेलचं प्रमाणपत्र हाती. त्या प्रमाणपत्रात एकच खोट. त्यावर मार्क छापलेले असतात. 42 मार्कांचं प्रमाणपत्र लिंक्डइनवर टाकताना फोटो कुठे कापावा, याचा त्याचा अभ्यास खरोखर सखोल आहे. खाली मजकूर असतो, 'हंबल्ड अँड ऑनर्ड'. त्याच्या बॅचमधले साठजण एकमेकांना 'कॉन्ग्रॅट्स, वेल डिझर्व्ह्ड' लिहितात. लग्नातल्या आहेरासारखा चोख हिशेब असतो, ज्याने दिलं त्याला परत.

थर्ड इयरला त्याला कळलं, की रेझ्युमे आधी माणूस वाचतच नाही, सॉफ्टवेअर वाचतं. मग त्याने कंपनीच्या जाहिरातीतले सगळे शब्द पानाच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत चिकटवले. माणसाला दिसू नयेत, मशीनला दिसावेत. आमच्या प्लेसमेंट ऑफिसातल्या बाईंनी फाइल उघडून सवयीने 'सिलेक्ट ऑल' केलं, आणि कोऱ्या जागेतून 'लीडरशिप लीडरशिप पायथन लीडरशिप' असं भूत उठलं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

हसायला काय जातंय. पण त्याला घडवलं कुणी? नॅकचं मूल्यांकन जवळ आलं म्हटलं की आम्हाला प्रत्येक निकषाला पुरावे लागतात. व्याख्यान झालं, एवढं पुरत नाही. नोटीस, हजेरी, अहवाल आणि अक्षांश-रेखांश छापलेला जिओटॅग फोटो लागतो. याला लाइन पाहिजे, आम्हाला फाइल. मग कुठल्या तरी 'दिना'ला एका रोपाला अकराजण हात लावून उभे राहतात, मागे प्राचार्य, आणि कुणीतरी ओरडतं, "सर, लोकेशन ऑन करा!" रोपाला पाणी घालायचं कुठल्याच निकषात बसत नाही.

मागच्या महिन्यात मॉक इंटरव्ह्यू होते. पॅनेलवर आमचेच एक माजी विद्यार्थी, मूळचे दुष्काळी माण तालुक्यातले. त्यांनी रेझ्युमेवर बोट ठेवलं. "वॉटर कन्झर्व्हेशन म्हणजे नक्की काय केलंत?" कोऑर्डिनेटरने पाठ केलेलं सुरू केलं, स्टेकहोल्डर, इम्पॅक्ट, सस्टेनेबल. "ते असू दे. केलं काय?"

"वनराई बंधारा, सर. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा."

"गोणी किती भरायची?"

इथे गडी बदलला. "पाऊणच, सर. गच्च भरली की लोळते, बसत नाही. पहिल्या दिवशी आम्ही गच्च भरल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यातून गोळा करत बसलो. मग तिथल्या एका आजींनी दाखवलं. तोंड शिवून दुमडायचं आणि ती बाजू खाली घालायची. विटांसारखा सांधा मोडत न्यायचं, मध्ये चिखल दाबायचा. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण सर, गारठा असा, की सुतळीची गाठ बसेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी अडलं. म्हशी आल्या लगेच." हे सांगताना त्याचे हात टेबलावर गोण्या रचत होते. लेस त्याने केव्हाच पाठीवर टाकली होती.

पाहुणे पुढे झुकून ऐकत होते. "अहो, मग हे का नाही लिहिलं इथे?"

कोऑर्डिनेटर ओशाळला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाला, "सर, गोण्या भरल्या असं कसं लिहायचं?"