फुकटाची बेगमी

सुपरमार्केटच्या बिलाच्या तळाशी एक ओळ छापलेली असते: आज तुमची एवढ्या रुपयांची बचत झाली. ही ओळ दिशाभूल करणारी आहे. तो आकडा छापील किमतीतून वजा करून काढलेला असतो, आणि छापील किंमत उत्पादकच ठरवतो. एमआरपी म्हणजे कायद्याने घातलेली वरची मर्यादा. त्याहून जास्त घ्यायचे नाहीत, एवढंच. तीनशेला विकायची वस्तू पाचशे छापली की चाळीस टक्के सूट आपोआप तयार होते.

‘दोनवर एक फुकट’चंही तेच. एका नगामागे सूट पडते तेहतीस टक्के, तीही तीन घेतले तरच. कूपनाचा हिशोब तर आणखी वाईट. शंभर रुपये सुटीचं कूपन दीड हजारांच्या बिलालाच चालतं आणि घरात लागणार असतं बाराशेचं सामान. मग तीनशेचं काहीबाही ट्रॉलीत पडतं. बाराशेऐवजी चौदाशे देऊन माणूस घरी येतो आणि शंभर वाचले म्हणतो!

साबण निदान कपाटात पडून राहतो. बिस्किटं, शेव, शीतपेयं राहत नाहीत. महिन्याला दोन पुडे लागणाऱ्या घरात सहा आले की सहाही महिन्यातच संपतात, आणि ते बहुतेक मुलांच्या पोटात जातात. या साठवणीतली मला सर्वांत टोचणारी गोष्ट हीच आहे. फुकटच्या पुड्याने घराची खाण्याची सवयच बदलते, आणि पुढच्या महिन्याच्या यादीत सहा पुडे लिहिले जातात.

न खराब होणाऱ्या मालाचा साठा तरी फायद्याचा, असं म्हणावं तर २०२५ साल आठवावं. २२ सप्टेंबरला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. स्वातंत्र्यदिनाच्या सेलमध्ये ज्यांनी वर्षभराचा शाम्पू भरून ठेवला, त्यांनी जुन्या दराचा कर वर्षभरासाठी आगाऊ भरला होता.

बेगमी आपल्याला नवी नाही. नवा गहू बाजारात आला की वर्षाचा गहू, उन्हाळ्यात मिरची-हळद, पाठोपाठ तूरडाळ. सगळ्याला कडक ऊन दाखवायचं, डाळीला एरंडेल चोळायचं, गव्हात कडुलिंबाचा पाला घालायचा. हंगामात माल मुबलक, म्हणून भाव उतरलेला. आणि घराला महिन्याला किती लागतं हे बाईला पायलीत ठाऊक. काय आणि किती भरायचं, हे तेव्हा शेत आणि घर मिळून ठरवत. आज ते दुकानाचं पत्रक ठरवतं, आणि दुकानाला आपल्या घरात माणसं किती हेही माहीत नसतं. वन-बीएचकेत पलंगाखाली, माळ्यावर, मुलांच्या कपड्यांच्या कप्प्यात मग डिटर्जंट भरला जातो.

साठा करूच नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. ज्याच्या घरी पगार महिन्यातून एकदाच येतो, त्याने स्वस्तात मिळालेलं तेल, साखर, डाळ दोन महिन्यांची जरूर घ्यावी. पण आधी टूथपेस्टच्या नळीवर ती उघडल्याची तारीख लिहावी, म्हणजे वर्षाला किती नळ्या लागतात ते कळेल. आणि पाकिटावरची एकक किंमत वाचावी. वजनमापाच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि एका ग्रॅमला, मिलिलिटरला किंवा किलोला किती पडतात हे छापणं उत्पादकांना बंधनकारक केलं गेलं. ती वाचली की मोठं पाकीट स्वस्तच असतं हा समज गळून पडतो. शाम्पूची छोटी पुडी अनेकदा बाटलीपेक्षा स्वस्त निघते.

मात्र हा आकडा पाकिटाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत असतो, आणि ‘फुकट’ हातभर. माझी मागणी साधी आहे: प्रत्येक फळीवर एकक किंमत ‘फुकट’ इतक्याच मोठ्या अक्षरांत आणि मराठीत लावा. दुकानदार आपणहून लावणार नसतील, तर वैधमापन खात्याने त्यांना लावायला भाग पाडावं.