टिकल्यांच्या पिस्तुलाला बढती

सोसायटीच्या गणपतीतल्या नाटकात फौजदार असतोच, आणि फौजदाराला पिस्तूल लागतं हे दिग्दर्शकाला रंगीत तालमीच्या आदल्या संध्याकाळी आठवतं. तिथून आपली जबाबदारी सुरू होते. आपली म्हणजे, ज्याला नाटकात काम मिळालेलं नाही त्याची.

गेल्या दिवाळीतलं प्लॅस्टिकचं पिस्तूल माळ्यावरून काढावं. मालक सात वर्षांचा असतो. त्याच्याशी वाटाघाटी समान पातळीवर कराव्यात. ‘मोठ्यांचं ऐकावं’ वगैरे मुद्दे टिकत नाहीत. आमच्याकडे तह दोन कॅडबऱ्या आणि विंगेत बसायला मिळण्याच्या अटीवर झाला.

आत अडकलेला टिकल्यांचा रोल आधी काढा. मग भांडी घासायच्या साबणानं पिस्तूल धुवा, कारण तेलकट प्लॅस्टिकवर रंग बसत नाही, नखानं सालासारखा निघतो. वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००. दोन अर्धुकं जोडल्याची रेघ मधोमध असते, ती घासूनच घालवायची. ती राहिली तर वरून कितीही रंग द्या, फौजदार जत्रेतून आल्यासारखाच दिसतो.

प्रायमर, त्यावर मॅट काळा स्प्रे. वीतभर लांबून, पातळ हात, तीनदा. एकाच जाड हातात उरकणाऱ्यांचे ओघळ पहिल्या रांगेपर्यंत दिसतात. हे काम गॅलरीत करताना वाऱ्याची दिशा बघावी. आमच्या तुळशीची तीन पानं अजून मॅट काळी आहेत आणि त्याबद्दल घरात रोज सकाळी एकदा बोललं जातं.

रुपेरी रंगाचा मोह आवरा. त्याऐवजी ६बी पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा आणि बोटानं कडांना, नळीला, चापाला चोळा. दोन मिनिटांत प्लॅस्टिकचं लोखंड होतं. लोखंडाची झाक मुळात कमीच असते, ती हात लागून झिजलेल्या जागी तेवढी उजळते.

एवढं करूनही नट पिस्तूल कंगव्यासारखं हलवतो, कारण ते कंगव्याएवढंच जड असतं. खरं रिव्हॉल्व्हर पाऊण ते एक किलोच्या घरात जातं. म्हणून मुठीत जुने नटबोल्ट भरून वर एम-सील थापावं. मनगट खाली ओढलं गेलं की अभिनय आपोआप सुधारतो. हा एकच बदल करायला वेळ असेल तर हाच करावा, रंग गेला उडत. ‘स्टार वॉर्स’च्या मंडळींना हा प्रश्नच आला नाही. १९७७ च्या त्या सिनेमात हॅन सोलोचं अंतराळी पिस्तूल चक्क माउझर सी ९६ वर दुर्बीण वगैरे चढवून केलं होतं. त्यांनी खऱ्याचं खेळणं केलं, आपण उलट्या दिशेनं निघालोय.

टोकाचं नारिंगी बोंडूक मात्र रंगवायचं नाही. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानं खेळण्यांवर अशी खूण सक्तीची झाली आणि नाटक-सिनेमाला त्यातून सूट मिळाली. आपण ती सूट घेऊ नये. गणपतीत चौकाचौकांत बंदोबस्त असतो आणि आपल्याला ही वस्तू स्कूटरवरून मांडवापर्यंत न्यायची असते. पोळ्यांच्या डब्यात न्यावी. प्रयोगात बोंडूक दिसू नये म्हणून जुन्या रेक्झिनच्या पर्सचं कमरेला लावायचं घर शिवावं आणि फौजदाराला बजावावं, की पिस्तुलावर हात ठेव, बाहेर काढू नकोस.

तो काढतोच.

आवाजासाठी विंगेत फळी आपटायची असते. आमचा फळीवाला समोसा खात होता. फौजदारानं चाप ओढला, गुंड पडला, सावकाश आडवा झाला, आणि मग ठो झालं. टाळ्या त्यालाच पडल्या.

दुसऱ्या दिवशी पिस्तूल मालकाला परत दिलं. त्यानं हातात तोललं, चाप दोनदा ओढून पाहिला, खाली ठेवलं आणि फळी मागितली.