वजाबाकी बरोबर, पाय चूक

पडणाऱ्या माणसांबद्दल माझं मत अगदी परवापर्यंत फारसं चांगलं नव्हतं. माणूस पडतो तो गबाळेपणामुळे, असं मी चारचौघांत बोलत असे. लेंगा घोट्याखाली, नाडी लोंबतेय, पायात मुलाने टाकून दिलेल्या एक नंबर मोठ्या स्लिपर आणि नजर रस्ता सोडून सगळीकडे. असा माणूस पडेल नाही तर काय उडेल? माझं तसं नाही. पंच्याहत्तरी उलटली तरी हातात काठी नाही, पाठ ताठ, बूट नाडीचे. टेकडीवर तरुण मुलं माझ्या मागे राहतात. (ती मोबाइल बघत उभी असतात म्हणून मागे राहतात, ही आमच्या हिची पुरवणी. माझ्या प्रत्येक हिशेबाखाली तळटीप घालायची हिला सवय आहे.)

चालण्याहूनही मला जास्त अभिमान होता तो चालता चालता बोलण्याचा. सकाळच्या आमच्या कंपूत एक निवृत्त प्राचार्य, एसटीतून निवृत्त झालेले एक डेपो मॅनेजर आणि मी बँकवाला. तिघांचाही समज असा, की पाय आपले आपण चालतात. डोकं तेवढा वेळ रिकामंच असतं, तर त्याला देशाच्या कारभाराला लावावं. ही एकदा आमच्याबरोबर आली आणि घरी परतल्यावर म्हणाली, "अहो, तुम्ही चालता कुठे? तुम्ही तर उभेच असता."

म्हटलं, मुद्दा महत्त्वाचा असला की थांबावं लागतं.

"मग तुमचे सगळेच मुद्दे महत्त्वाचे दिसतात."

आता आमचा व्यायाम विषयावर अवलंबून असतो, हे मला मान्य आहे. हवापाणी निघालं तर दोन फेऱ्या सहज होतात. निवडणूक निघाली, की पहिल्या बाकड्यापुढे कुणी जात नाही. पण ही हौस झाली. हिने ती आजार म्हणून मुलाला कळवली. मुलगा आयटीतला, तो वाद घालत नाही, अपॉइंटमेंट घेतो.

फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या नातीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने दारातच "या आजोबा" म्हटलं. सोसायटीतल्या चाळिशीच्या बायकासुद्धा मला काका म्हणतात, पण ते असो. एक खुर्ची होती, समोर तीन मीटरवर जमिनीवर पट्टी चिकटवलेली. खुर्चीतून उठायचं, पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांच्या आत आलात तर ठीक. मी बऱ्याच आत आलो, आणि आलो तो खुर्चीच्या हाताला हात न लावता, हे तिच्या लक्षात आलंय ना याची खात्री करून बसलो.

"छान. आता परत तेच. पण या वेळी शंभरातून सात-सात वजा करत, मोठ्याने."

वजाबाकी! आणि मला!

इथे मला जरा थांबावं लागेल, कारण मुद्दा महत्त्वाचा आहे. आमच्या लहानपणी तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला, शुभं करोति झालं, की आजोबांसमोर परवचा. बे ते तीस हे किरकोळीत. खरी परीक्षा त्यानंतर: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सगळ्यांच्या शेवटी साडेतीनचा पाढा, औटकी. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, मणाचे चाळीस शेर. असल्या जगात अपूर्णांक जिभेवर नसला तर वाणी दिवसाढवळ्या गंडा घालणार. मग १ एप्रिल १९५७ ला सरकारने रुपयाचे शंभर नये पैसे केले आणि या सगळ्या विद्येची मोड झाली. आजोबांनी मात्र तो निर्णय मानला नाही. सरकारं येतात नि जातात, असं म्हणून त्यांनी पुढेही कित्येक वर्षं आमच्याकडून औटकी घोकून घेतली. दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. डोलत, ठेक्यात, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्या वयात या विद्येचा उपयोग एकच झाला, शेजारच्या मुलीवर छाप पडली. तीच पुढे 'ही' झाली, त्यामुळे त्याला उपयोग म्हणावं की नाही याबद्दल घरात दोन मतं आहेत.

पुढे बँकेत, कॉम्प्युटर यायच्या आधी, मी लेजरच्या पानावर वरून खाली बोट सरकवत बेरीज करीत असे आणि त्याच वेळी समोरच्या खातेदाराशी त्याच्या मुलीच्या स्थळाबद्दल बोलत असे. बोट तळाशी पोचेपर्यंत बेरीज तयार आणि स्थळही पसंत. कॅश टॅली होईना, की मॅनेजर मला हाक मारायचे. अशा माणसाला ही मुलगी शंभरातून सात वजा करायला सांगत होती. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी हा नुसता सातचा पाढा आहे, प्रत्येक घरात दोन मिळवून उलटा म्हटलेला. त्यातही औटकी येत असेल तर मौज और. सात म्हणजे दोन औट. डाव्या पावलाला साडेतीन, उजव्या पावलाला साडेतीन. शंभर, साडेशहाण्णव, त्र्याण्णव, साडेएकोणनव्वद, शहाऐंशी. पावलागणिक वजाबाकी! आजोबा असते तर त्यांनी पाठीवरून हात फिरवला असता.

एकही आकडा चुकला नाही. खुर्चीत टेकलो आणि कौतुकाची वाट बघत राहिलो. ती मोबाइलवर केलेलं चित्रीकरण बघत होती. तिने ते मलाही दाखवलं. घड्याळ बारा सेकंद केव्हाच ओलांडून गेलेलं. पावलं आखूड, त्यातही एक लांब तर एक तोकडं. वळायच्या जागी तर मी चक्क उभा होतो. एक बोट हवेत, नजर छताला, आणि तोंडाने "साडेएकोणनव्वद".

"आजोबा, गणित चुकलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

औट घटकेचं राज्य तिथेच संपलं.

तिने समजावून सांगितलं ते असं. पाय आपले आपण चालतात हे तरुणपणी बऱ्याच अंशी खरं असतं. वय झालं की नजर मंदावते, तळव्यांना जमीन पूर्वीसारखी कळत नाही, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही थकते. ही सगळी तूट मेंदूच्या पुढच्या भागाला लक्ष पुरवून भरून काढावी लागते. आणि हिशेब करणं, वाक्य जुळवणं, समोरच्याला खोडून काढणं ही कामंही तोच भाग बघतो. शाखेत खिडक्या चार आणि कारकून एक, अशी ही अवस्था. अशा ओढाताणीत निरोगी शरीर हिशेब सोडून देतं आणि तोल धरतं. मी हिशेब धरला होता. सगळी नोकरी मी हेच तर केलं होतं.

या मुलीची विद्या पडताळून पाहावी म्हणून घरी येऊन वाचत बसलो, तर तीच वरचढ निघाली. १९९७ साली स्वीडनमधल्या उमेओच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये एक अगदी छोटा निबंध प्रसिद्ध केला. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांबरोबर ते चालले आणि चालता चालता त्यांच्याशी गप्पा सुरू केल्या. बारा जण उत्तर द्यायला थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. थांबल्यामुळे ते पडले असं कुणाचंच म्हणणं नाही. दोन्ही एकदम झेपत नाही, हे त्यांच्या मेंदूने आधीच प्रामाणिकपणे कळवलं होतं, इतकंच. हा निबंध मी आमच्या कंपूला वाचून दाखवला. ऐकताना तिघंही उभे होतो.

याला इलाज आहे, आणि तो मला मनापासून आवडला. जिनिव्हात पासष्टीपुढच्या १३४ जणांवर एक प्रयोग झाला, तो २०११ साली छापून आला. आठवड्यातून एकदा पियानोच्या तालावर चालायचं, ताल बदलला की पाऊल बदलायचं, हातांनी आणखी काही करायचं. सहा महिन्यांत त्यांचं पडणं निम्म्याच्या आसपास आलं. त्या तालपद्धतीचा जनक डालक्रोझ हा स्वित्झर्लंडचा संगीतकार. मला आपली वारी आठवली. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन, तोंडाने अभंग म्हणत, टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकत जातात. त्यांना कुणी सातने वजाबाकी करायला सांगत नाही, हा त्यांचा मोठेपणा. पाठ झालेलं आणि तालात बसलेलं असेल तर डोक्याला फार लक्ष पुरवावं लागत नाही. म्हणून मी हल्ली व्हरांड्यात औटकी म्हणत चालतो. वजा करायची नाही, फक्त म्हणायची. शेजाऱ्यांना वाटतं मी नवस फेडतोय.

हे सगळं मी हसत लिहू शकतो, कारण मी पडलेलो नाही. प्राचार्य पडले.

बाहेर नाही, घरातच. आंघोळ करून निघाले होते आणि हॉलमध्ये फोन वाजू लागला. मुलगी अमेरिकेत, तिच्याकडे मध्यरात्र झाली असताना ती निजण्यापूर्वी फोन करते. ओल्या पायांनी वळताना डोक्यात एवढंच होतं, ते त्यांनी स्वतः आम्हाला सांगितलं: सहावी रिंग झाली, आता ती ठेवून देईल. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. तास तास बोलणारा हा माणूस आता चालताना एक शब्द बोलत नाही, आणि पुन्हा पडू या धास्तीने चालतोही कमी. न चालल्याने पाय आणखी दुबळे होतात, हे त्यांनाही माहीत आहे. आता आमची सकाळची बैठक त्यांच्या घरी भरते. आल्यागेल्यातला प्रत्येक जण त्यांना पहिला प्रश्न एकच विचारतो: "लक्ष कुठे होतं?" लक्ष मुलीकडे होतं. मुलीला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. ती समजते, बाथरूममध्ये घसरले.

त्या प्रश्नाची मला आता चीड येते. पासष्टीपुढच्या साधारण तीन माणसांत एक जण दर वर्षी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात वर्षाला सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, आणि त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वांत जास्त. एवढे सगळे काय लेंगा घोट्याखाली सोडून चालत होते?

बरं, लक्ष द्यायचं म्हणजे ते तरी किती ठिकाणी? इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत लिहिलंय, की फुटपाथ रस्त्यापासून १५० मिलिमीटरहून उंच नसावा आणि चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा असावी. आमच्या घराजवळच्या फुटपाथवर चढायला आधी गुडघ्यावर हात ठेवून श्वास घ्यावा लागतो. चढलात की डुगडुगणारी फरशी, मग विजेचा डबा, मग वडापावची गाडी, मग दुकानासमोर लावलेल्या स्कूटर. उतरलात की उलट्या बाजूने येणारा डिलिव्हरीवाला. वर माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. त्याच्या खालच्या भागातून पुस्तक सुरेख दिसतं आणि पायरी अंधूक. या सगळ्यांना मिळून माझ्या शाखेत एकच कारकून आहे, हे मघाशी सांगितलंच.

तेव्हा तरुण मंडळींना विनंती आहे. म्हातारं माणूस चालत असेल तर त्याला पाठीमागून हाक मारू नका; पुढे या, समोर उभे राहा आणि मग बोला. बोलता बोलता ते थांबलं तर तुम्हीही थांबा, हॉर्न वाजवू नका. आई-वडिलांना फोन लावलात तर तो पुरता वाजू द्या, आणि नाहीच उचलला तर लगेच दुसरा न लावता पाच मिनिटं जाऊ द्या. आणि कुणी पडल्याचं कळून भेटायला गेलात, तर लक्ष कुठे होतं हे सोडून दुसरं काहीही विचारा.