जुना ट्रक ऑटोमॅटिकमधून मॅन्युअलवर कसा आणावा

आधी ऑटोमॅटिक ट्रक ओळखायला शिका. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून 2013 साली सात गिअरची डीएसजी पोलो निघू लागली, तिला क्लचचं पेडलच नव्हतं. तसल्या थेरांशी आपल्याला कर्तव्य नाही. आपला ट्रक निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात उभा आहे, पंचवीस-तीस पावसाळे खाल्लेला. जन्माने तो मॅन्युअलच. ऑटोमॅटिक झाला तो वयोमानाने. भोसरीत माल भरून मोशीच्या पुढे निघालात, उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचललात, की तिसरा गिअर कुणाला न विचारता न्यूट्रलला येऊन बसतो. दांडीला सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधून सीटच्या पायाला ताणलेला दिसला, की निदान पक्कं.

कागदपत्रांची धास्ती नको. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. तुम्ही तर मूळ रचनेकडेच परत निघाला आहात. एमएच-14 च्या आरटीओने खरं तर तुमचा सत्कार करायला हवा.

आता चाकांना दगड लावा आणि गिअर ऑइल काढा. तेल काळं असेल तर ठीक. बोटावर घेऊन उन्हात धरल्यावर चांदीच्या वर्खासारखं चमकलं, तर तो दातांचा चुरा आहे. शेठला आत्ताच फोन लावून मनाची तयारी करून द्या. प्रॉपेलर शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीची खूण मारा. नाही तर परत जोडताना तो हमखास उलटा बसेल आणि गाडी चाळीसच्या पुढे थरथरू लागेल.

खरा चोर वरच्या झाकणात असतो. तिथल्या प्रत्येक दांडीला खाचा असतात आणि स्प्रिंगने दाबलेली पोलादी गोळी खाचेत बसून गिअर धरून ठेवते. स्प्रिंग मेली की गोळी नुसती बसल्यासारखं करते. दांडी ओढताना भोकावर फडकं धरा, हे मी तीनदा लिहिणार होतो. फडकं न धरल्यास गोळी टणकन उडते, शेजारच्या गाडीखालून घरंगळत नेमकी गटारात जाते आणि गॅरेजमधला पोऱ्या संध्याकाळपर्यंत दोरीला चुंबक बांधून मासे पकडत बसतो. दोन दांड्यांच्या मधेही एक गोळी असते. ती विसरलात तर दोन गिअर एकदम पडतात आणि ट्रक जागच्या जागी कुलूपबंद.

नुसत्या स्प्रिंगवर भागेल अशी आशा धरू नका. दांडीवरचा फोर्क झिजला असेल तर गिअर जोडणारी स्लीव्ह दातांवर पुरती सरकत नाही. दातांच्या कडा गोल झाल्या असतील तर ती पुरती सरकूनही बाहेर ढकलली जाते. फोर्क आणि स्लीव्ह दोन्ही बदला. पूर्वी अशा वेळी लोक कुदळवाडीच्या भंगारात शिरत. महापालिकेने फेब्रुवारी 2025 मध्ये तिथली गोदामं पाडली. तरी ‘ओरिजिनल काढलेला आहे’ म्हणणारा माणूस तुम्हाला भेटेलच. त्याच्याकडून स्लीव्ह घेऊ नका. तीही कुठल्या तरी ऑटोमॅटिक ट्रकातूनच निघालेली असते.

स्लीव्हसाठी गिअरची पेटी उतरवलीच आहे तर क्लच प्लेटही पाहून घ्या. चढवताना पेटी सरळ आत सारा. तिचं वजन प्लेटवर लोंबकळू दिलंत तर नवी प्लेट वाकेल. मग 80 डब्ल्यू-90 तेल भरा आणि ड्रायव्हरला घेऊन चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत चाचणी घ्या. त्या कोंडीत तिसरा गिअर पडायची वेळ येणं हेच अवघड, म्हणून पहाटे निघा. गिअर बसेल, उतारावरही बसून राहील. ड्रायव्हर मात्र दांडीवरचा हात काढणार नाही. ‘मामा, सोडा आता,’ म्हणालात तरी नाही.

ट्यूब फेकू नका. तो मागून घेईल, डबा बांधायला.