दाताआधी दाखला

नीटचा निकाल लागला की पुण्यातल्या बीडीएसच्या विद्यार्थ्यांना भाव येतो. शेवटच्या वर्षाची ताई स्वतः अजून परीक्षेच्या धास्तीत असते, पण सोसायटीतल्या बारावीवाल्यांची ती केव्हाच मार्गदर्शक झालेली असते. रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला एखादा उमेदवार आई, वडील, आजोबा आणि प्लास्टिकची फाईल घेऊन हजर होतो.

पहिला प्रश्न वडिलांचा. “एमबीबीएस थोडक्यात हुकलं. बीडीएसही बरं असतं ना गं?”

ताईला सवय आहे. चार वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनीही कुणाला तरी हेच विचारलं होतं.

मग ताई शिकवायला घेते. दात नव्हे, दरवाजे. भारती विद्यापीठ आणि पिंपरीचं डी. वाय. पाटील ही अभिमत विद्यापीठांची कॉलेजं, म्हणून तिथला रस्ता दिल्लीच्या मेडिकल कौन्सिलिंग कमिटीकडून, म्हणजे एमसीसीकडून जातो. सिंहगड किंवा कॅम्पातलं रंगूनवाला हवं तर राज्याचा सीईटी सेल. आणि सरकारी? विद्येच्या माहेरघरात सरकारी डेंटल कॉलेज नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर गाठा. डोमिसाईल काढलंय? नॉन-क्रिमीलेअर? जात वैधता? पसंतीक्रम भरताना मोहात पडू नकोस. उमेदवार भराभर लिहून घेतो.

“आणि ताई, दातांबद्दल काही वाचून ठेवू का?”

ताईला पोह्यांचा ठसका लागतो. अकरावीच्या जीवशास्त्रात पचनसंस्थेचा एक धडा होता. माणसाला दात दोनदा येतात, ते चार प्रकारचे असतात, एवढं तरी त्यात कळायचं. अभ्यासक्रमाचं ओझं हलकं करताना तो गेला आणि २०२४पासून नीटमधूनही वगळला गेला. आता १८० प्रश्न आणि ७२० गुणांच्या या परीक्षेत भावी दंतवैद्याच्या वाट्याला बेडूक मात्र आहे. त्याला निदान वरच्या जबड्यात तरी दात असतात.

अमेरिकेत डेंटलच्या प्रवेशपरीक्षेत आकृत्या ओळखण्याचा वेगळा विभाग असतो. पूर्वी तर खडू कोरून दाखवावा लागे. वर मुलाखतीत विचारतात, दंतवैद्य का व्हायचंय? आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर गुणपत्रिकेवर छापलेलं असतं. हाताला वळण आहे की नाही, ते पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरताना कळतं. तोवर फी भरून झालेली असते.

शिवाय गुणांचंही फारसं मनावर घेऊ नये. २०२०-२१ साली देशभरात बीडीएसच्या ७,००० हून अधिक जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेची अट १० पर्सेंटाईलने खाली आणायला लावली. ताईने हे सांगताच आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू उमटतं.

“तुझी फी किती द्यायची, बाळा?” निघताना वडील विचारतात.

ताई पैसे घेत नाही. तिचं लक्ष मघापासून आजोबांकडे आहे. ते पोहे चावत नाहीत, नुसते घोळवतात. परीक्षेआधी भरायचा तिचा कवळ्यांचा कोटा अजून अपुरा आहे आणि संपूर्ण बोळकं असलेला पेशंट हल्ली सहजी मिळत नाही.

“आजोबा, मंगळवारी ओपीडीत याल? साडेनऊला. चार-पाच खेपा होतील, पण केसपेपर मीच काढून ठेवते.”