गोंदण आणि दागिना

मराठी मध्यमवर्गीय गृहसंकुलात आयकर विवरण भरून देणारा, पत्रिका जुळवणारा आणि गच्चीवरील टाकी नेमकी कोठे गळते हे सांगणारा, असे तीन जाणकार पूर्वापार आढळत आले असून, संगणक घरोघरी आल्यापासून त्यांच्या पंगतीला एक चौथा येऊन बसला आहे, ज्याला सोयीसाठी ‘परवानापंडित’ म्हणता येईल. हा गृहस्थ संगणक दुरुस्त करीत नाही. आतील विंडोजचे गोत्र कोणते एवढेच तो सांगतो, आणि ते सांगून झाल्याशिवाय दुसऱ्या कोणाला दुरुस्तीला हात लावू देत नाही.

त्याच्या शास्त्रात गोत्रे मुख्यतः दोन आहेत. ओईएम ही ‘मूळ उपकरण निर्माता’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे असून, यंत्र बनवणाऱ्या कंपनीने घाऊक भावात घेऊन कारखान्यातच यंत्रात भरलेली प्रत ती ओईएम, तर ग्राहकाने स्वतंत्र पैसे मोजून घेतलेली ती रिटेल. पडद्यावर दोन्ही जुळ्या भावांसारख्या दिसतात. फरक असतो तो परवान्यात, म्हणजे वापराच्या करारात. ओईएम परवाना ज्या यंत्रासोबत आला त्याच्याशी, व्यवहारात त्याच्या मदरबोर्डशी, जखडलेला राहतो आणि अडचण आली की दाद यंत्र बनवणाऱ्याकडे मागावी लागते. रिटेल परवाना मात्र एका वेळी एकाच यंत्रावर चालवण्याच्या अटीवर जुन्यावरून उतरवून नव्यावर चढवता येतो. पंडित हे एका वाक्यात बसवतो: ओईएम म्हणजे गोंदण, रिटेल म्हणजे दागिना; गोंदण देहाबरोबर सरणावर जाते, दागिना सुनेच्या गळ्यात पडतो. ऐकणाऱ्याचा लॅपटॉप आदल्याच दिवशी बंद पडलेला असल्याने उपमेतील सरण त्याला जरा घाईचे वाटते. ‘विंडोज टाकून देतो, वेगळे पैसे नकोत’ असे म्हणणाऱ्या जुळणीवाल्याच्या कृपेने मिळणारे तिसरेही एक गोत्र आहे. पण त्याचा उच्चार पंडित टाळतो, कारण संकुलातील निम्मी घरे त्यात मोडतात.

तपासणीची त्याची रीत नाडीपरीक्षेच्या जवळची आहे. विंडोज 7 च्या काळातील लॅपटॉप तो मांडीवर उलटा घेतो, चष्मा कपाळावर सारतो आणि तळाच्या स्टिकरवरील पाच-पाचांच्या पाच गटांत छापलेली पंचवीस अक्षरे बोट ठेवून वाचू लागतो; वर्षानुवर्षांच्या घर्षणाने ती पुसट झाल्यामुळे तिसऱ्या गटात ‘8’ आहे की ‘बी’ यावर घरात दोन तट पडतात. 2012 साली विंडोज 8 आल्यापासून मोठे निर्माते ही किल्ली मदरबोर्डवरील चिपमध्येच साठवू लागले, त्यामुळे वाचनाचा हा सोहळा बंद झाला. आता पंडित काळ्या चौकटीत ‘एसएलएमजीआर’ ही आज्ञा लिहून पुढे तिरकी रेघ व ‘डीएलआय’ जोडतो, उमटलेल्या मजकुरात ‘ओईएम’ हा शब्द दिसताच मान डोलावतो, आणि निदान खरे ठरल्याच्या समाधानात यजमानांचा लॅपटॉप अजून रखडतच आहे हे विसरून चहा मागवतो.

यंत्रासोबत येणाऱ्या प्रतीविषयी त्याचा दुसरा आक्षेप वऱ्हाडाबाबत असतो. निर्माता विंडोजबरोबर महिनाभर फुकट चालणारे अँटिव्हायरस, न मागितलेले खेळ आणि स्वतःची चार-दोन साधने भरून देतो. ते अँटिव्हायरस आणि खेळ ज्यांचे असतात त्या कंपन्यांकडून त्याला पैसे मिळत असल्याने यंत्राची किंमत थोडी खाली ठेवता येते. रिटेल प्रतीत हे पाहुणे नसतात. त्यामुळे अधिक पैसे मोजून रिकामे घर घ्यावे, की स्वस्तात पाहुण्यांसह घ्यावे, असा प्रश्न पंडित विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच्या रिटेल प्रतीकडे वळतो.

ती प्रत लोखंडी कपाटात, मुदतठेवीच्या पावत्यांखाली, बिलासकट डब्यात ठेवलेली आहे. ती घेतल्यापासून शेजाऱ्यांनी तीन लॅपटॉप भंगारात दिले. प्रत्येक वेळी घरचे यंत्रासाठी हळहळले, तर पंडित यंत्राबरोबर वजनात गेलेल्या परवान्यासाठी. त्याचा स्वतःचा डेस्कटॉप मात्र जपून वापरल्यामुळे मोडेना, आणि मोडेना म्हणून जादा पैसे देऊन घेतलेला स्थलांतराचा हक्क वापरता येईना. अखेर तो डेस्कटॉप बंद पडला, पंडिताने डबा बाहेर काढला, बिल पुसले आणि नवा लॅपटॉप आणून उघडला. त्यात विंडोज आधीच भरलेली होती. दागिना डब्यात परत गेला, आणि पंडिताने नवा लॅपटॉप उलटा करून सवयीने स्टिकर शोधायला सुरुवात केली.