निंदा आणि निंदणी

निंदा आणि निंदणी हे दोन शब्द कानाला सख्ख्या बहिणींसारखे वाटतात. फरक बैठकीचा आहे. निंदा बाकावर रेलून करता येते, निंदणीला उकिडवं बसावं लागतं. आपल्या सार्वजनिक बागांचं सगळं दुखणं या बैठकीच्या फरकात आहे. सकाळच्या वेळी कुठल्याही उद्यानात जा, निंदेचं पीक कमरेएवढं असतं. महापालिका झोपलेली असते, माळी कायम रजेवर असतो, कारंजं मागच्या निवडणुकीत उडालेलं असतं आणि पूर्वी म्हणे इथे मोर यायचे. हे सगळं चालू असताना काँग्रेस गवत बाकाच्या पायापर्यंत आलेलं असतं, आणि त्याच्याबद्दलही कोणीतरी बसूनच बोलत असतं. म्हणून एक साधी सूचना : निंदेचा हक्क निंदणीने कमवावा. आठवड्याला एक तास पुरे. बागेचं भलं होईलच. पण निंदेचा दर्जा सुधारेल, हा लाभ मोठा.

श्रमदान म्हटलं की आपल्याला फक्त वृक्षारोपण सुचतं, ही पहिली अडचण. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून जुलै महिना रोपांनी गजबजलेला जातो. २०१९ साली तर राज्य सरकारने तेहतीस कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आकडा थेट देवांचा, आणि मोजायला तितकाच अवघड. रोप लावताना एका काडीएवढ्या खोडाला आठ हात लागतात, कारण फोटोत सगळे यायला हवेत. मे महिन्यात त्याच आळ्यात बादलीभर पाणी ओतायला एक हात मिळत नाही. बागेला लावणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता, उपटणाऱ्यांचा आहे. काँग्रेस गवताचंच घ्या. मूळचं अमेरिकेकडचं हे तण भारतात पहिल्यांदा डोळ्यांवर आलं ते १९५५च्या सुमारास, पुण्यात. येणारा पाहुणा नक्की कुठला, याची चौकशी पुण्यातच आधी व्हावी, हे रीतीला धरूनच झालं. याच्या एका झाडाला हजारोंनी बी धरतं. त्यामुळे ते पांढऱ्या फुलांवर येण्याआधी, पावसाने माती मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावं लागतं. उघड्या हातांनी धरलं तर अंगाला खाज सुटते. वरून छाटलं तर ते बुडातून पुन्हा फुटतं आणि आपण काम केल्याचं समाधान तेवढं उरतं. या कामाला प्रमुख पाहुणे मिळत नाहीत. पाला गोळा करून, त्यावर शेणकाला शिंपडून, ढीग महिनोन् महिने ओलसर ठेवून खत करण्यालाही मिळत नाहीत. पाला पेटवून देणं पाच मिनिटांत होतं, म्हणून तेच होतं.

आता आक्षेप. ‘आम्ही कर भरतो, मग खुरपं आम्हीच का धरायचं?’ प्रश्न रास्त आहे. माळ्याचा पगार, पाण्याची मोटर, दिव्यांची बिलं ही महापालिकेचीच जबाबदारी. त्यातला एक रुपयाही श्रमदानाने माफ होता कामा नये, आणि स्वयंसेवक आले म्हणून एका माळ्याची जागा कमी होत असेल तर स्वयंसेवकांनी खुरपी खाली ठेवावीत. पण करातून माळी मिळतो, लक्ष मिळत नाही. गणपती बसवायला भटजी आणला तरी मोदक घरच्यांनाच वळावे लागतात, तसं हे आहे.

दुसरा आक्षेप याहून खरा आहे. आज खुरपं धरणारा उद्या किल्ली मागतो. आधी ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी येते, मग ‘चेंडू खेळण्यास सक्त मनाई’, मग फाटकाला कुलूप, आणि शेवटी बागेत फक्त समितीचे सदस्य आणि त्यांचा हास्यक्लब. ही कल्पनेतली भीती नाही. मुंबईत देखभालीसाठी दिलेल्या काही मोकळ्या जागांवर क्लब उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने अशा जागा सांभाळायला देण्याचं नवं धोरण मंजूर केलं, तेव्हा नागरिकांनी एवढा गदारोळ केला की मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. यावर तोडगा एका ओळीचा आहे : स्वयंसेवकाला खुरपं द्यावं, किल्ली देऊ नये. ज्याला त्यानंतरही यावंसं वाटतं तो खरा.

राहिला आक्षेप अडाणीपणाचा. हौशी माणूस तणासोबत अबोलीही उपटतो, हे कबूल. शोभेसाठी झाडाच्या बुंध्याभोवती गळपट्ट्यासारखं सिमेंट ओतणारे तर सरकारीही असतात. २०१३ साली दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाला झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असा आदेश द्यावा लागला. तेव्हा अडाणीपणावर कोणाचीच मक्तेदारी नाही. उपाय एकच, माळ्याला विचारावं. सोसायटीच्या अध्यक्षाने माळ्याला ‘हे उपटू का?’ असं विचारणं, हा लोकशाहीचा धडा कुठल्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा चांगला.

आणि मग निंदा सुधारते, ती अशी. बाकावरून लिहिलेल्या अर्जाचा विषय असतो ‘उद्यानाची दुरवस्था व प्रशासनाची अक्षम्य अनास्था’. तो दोन पानी असतो, त्यात मोरही असतात, आणि साहेब तो आदराने फायलीला लावतात. तासभर उकिडवं बसलेल्या माणसाला दोन पानं लिहायचा दम उरत नाही. तो लिहितो : ‘घसरगुंडीमागच्या नळाचा वॉशर गेला आहे. अर्ध्या इंचाचा हवा.’ आता साहेबांची पंचाईत. याला फायलीला लावता येत नाही; कोणाला तरी वॉशर घेऊन पाठवावंच लागतं.